झालं की सोडा

गेल्या मे महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत माझ्याच पापाचा किस्सा मला एका अनोळखी माणसानं हसत हसत सांगितला.

शेजारच्या पाटावरचा हा गृहस्थ कागलकडचा होता. काय करता, म्हणून त्यानं विचारलं. गावोगावच्या दूध संस्थांना लागणारं सॉफ्टवेअर आमची कंपनी करते, असं सांगितल्यावर त्याचा चेहरा उजळला.

"पावणं, मग तुम्हाला ती भानगड ठावं असणार! एका बाईनं मोबाईलवर नुसतं एक 'की' लिवलं आन् अर्ध्या जिल्ह्यातल्या म्हशी एका सांजेत गाई झाल्या. नुसतं 'की' वो! लिवायला येत न्हाई तर बायकांनी त्यात पडावं कशाला?"

समोरच्या रांगेतले दोघे-तिघे खो-खो हसले. वाढप्याला जिलेबीचं ताट घेऊन थांबावं लागलं. मी मान खाली घालून भात कालवत राहिलो. घरी येताना मी आमच्याच गल्लीचं वळण चुकवून पुढे गेलो. बायकोला वाटलं, शुगर वाढली. मला राग आला होता. त्या कागलकराचा नव्हे, त्याला बिचाऱ्याला जसा किस्सा मिळाला तसा त्यानं सांगितला. राग याचा की खोटं इतकं चांगलं जमून आलं होतं. त्याला सुरुवात होती, मध्य होता, शेवटी हशा होता. आणि ते खोटं रचणारा मी होतो.

म्हणून जे घडलं ते घडलं तसं लिहितो.

आमचं ऑफिस उद्यमनगरात, एका स्पेअर पार्टच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली लेथ चालतात, वर आम्ही नऊ माणसं. गावातली माणसं सकाळ-संध्याकाळ किटलीतून संस्थेत दूध आणतात, काट्यावर वजन होतं, मशीन फॅट सांगतं आणि आमचा प्रोग्राम बोटभर पावती छापतो. तिच्यावर सभासदाचा नंबर, म्हैस का गाय (म्हशीच्या दुधाला दर जास्त, गाईच्या कमी), लिटर आणि फॅट. एवढंच. पण या बोटभर कागदावर बाईमाणसाचा दिवस ठरतो. मी खेड्यातच वाढलोय, मला हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

माझं काम प्रोग्राम लिहिण्याचं नाही. लिहिणारे पाचजण आहेत. पाचजणांनी पाच ठिकाणी केलेले बदल एकत्र करायचे, त्यातून एक आवृत्ती बांधायची, तिला क्रमांक द्यायचा, तपासायला द्यायची आणि तपासणाऱ्याचा होकार मिळाल्यावर ती सगळ्या केंद्रांच्या संगणकांवर पाठवून द्यायची. बाहेर याला रिलीज म्हणतात. आमच्यात म्हणतात सोडणं. कॅनॉलला पाणी सोडावं तसं. "आज सोडणार का?" "सोडलं का?" दिवसभर हेच चालतं.

लोकांना वाटतं ही कामं मध्यरात्री होतात. आमची भर दुपारी होतात. सकाळचं दूध नऊला आटोपतं, संध्याकाळचं पाचला सुरू होतं. मधल्या वेळात सोडायचं आणि काही बिघडलं तर पाचच्या आत सावरायचं. यासाठी मी अकरा ओळींची एक यादी केली होती. माझ्याच अक्षरात लिहिली, लॅमिनेशन केली आणि माझ्या टेबलामागच्या भिंतीला लावली. सातवी ओळ अशी होती: तपासणाऱ्याचा लेखी होकार आल्याशिवाय सोडायचं नाही. नव्या माणसाला मी ती यादी पाठ करायला लावायचो. आज ते आठवलं की मला शरम वाटते.

तपासणाऱ्या होत्या अक्का. गडहिंग्लजच्या पुढच्या एका गावच्या, घरी कानडी बोलणाऱ्या, माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी लहान. पण सगळं ऑफिस त्यांना अक्का म्हणायचं, मालकसुद्धा. त्या मला अण्णा म्हणायच्या. सात वर्षं त्यांनी आमची प्रत्येक आवृत्ती तपासली. त्यांच्या तपासण्याची एक रीत होती. ऑफिसातल्या मशीनवर पास झालं तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही. म्हणायच्या, "ऑफिसातलं मशीन शहाणं असतंय अण्णा, गावातलं नसतंय." मग एसटी पकडून कुठल्या तरी केंद्रावर जायच्या, तिथल्या धुळीनं भरलेल्या मशीनवर स्वतः दूध ओतून बघायच्या, आणि मगच मोबाईलवर ऑफिसच्या ग्रुपवर त्यांचा होकार यायचा. तो दर वेळी अक्षरशः सारखा असायचा: "तपासलं. ओके." दोन शब्द, दोन पूर्णविराम. सात वर्षांत त्यात एक अक्षर कमी-जास्त झालं नाही. हे लक्षात ठेवा, कारण ते मलाही ठाऊक होतं.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता एका मोठ्या दूध संघाची केंद्रं आमच्याकडे आली. मालकांनी शब्द दिला की अमुक दिवशी संध्याकाळच्या दुधापासून नवी आवृत्ती चालू होईल. दिवस ठरला, आणि मग कुणीतरी पंचांग बघितलं. त्या दिवशी दुपारी दोन वाजून काही मिनिटांनी अमावास्या लागत होती.

आमचे मालक तसे शिकलेले आहेत. इंजिनिअर आहेत. पण दर पौर्णिमेला वाडीला दर्शनाला जाणार म्हणजे जाणार, आणि अमावास्येला नवं काम करणार नाही म्हणजे नाही. मला यात काही गैर वाटायचं नाही. आमच्या वडिलांनी अमावास्येला औत धरलं नाही. दिवस बदला, असं मी सुचवलं. मालक म्हणाले, "दिवस कसा बदलतोय? संघाच्या चेअरमननी नारळ आणलाय. दोनच्या आत सोडा, संपला विषय."

अक्का त्या सकाळी साडेअकराच्या एसटीनं गडहिंग्लजला निघाल्या. त्या बाजूच्या केंद्रांवर अजून जुनी मशीन होती, आणि नवी आवृत्ती जुन्या मशीनवर कुणीच चालवून पाहिली नव्हती. निघताना माझ्या टेबलापाशी थांबल्या.

"अण्णा, दीडला गडहिंग्लज. तिथनं वडापच्या जीपनं गावात. माझ्या निरोपाशिवाय सोडू नका बरं का."

"अक्का, तुमच्याशिवाय कधी सोडलंय का?" मी म्हणालो.

दुपारी बारा पन्नासला ग्रुपवर त्यांचा निरोप आला. एसटीतूनच लिहिलेला. तो असा होता:

"जुन्या मशीनवर तपासून झालं की सोडा"

कोल्हापूरच्या माणसाला यातली गंमत सांगायला नको. 'झालं की सोडा' म्हणजे झाल्यावर सोडा. आणि 'झालं की! सोडा' म्हणजे झालंय, आता कशाला थांबलाय, सोडा. आमचा 'की' असा आहे. 'जेवलास काय?' 'जेवलो की!' बोलताना आवाज सांगतो कोणता 'की' आहे ते. मोबाईलच्या पडद्यावर आवाज नसतो. अक्कांनी विराम दिला नव्हता. एसटी घाटावाटांनी हादरत होती, बाईनं एका हातानं बार धरून दुसऱ्या हातानं लिहिलं असणार.

इथपर्यंत तो किस्सा खरा आहे. यापुढे खोटा आहे.

मालक माझ्या खुर्चीमागे उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावरून तो निरोप वाचला.

"अवो, झालं म्हणत्यात की त्या. सोडा!"

मी म्हणालो, "फोन करून विचारतो."

फोन लावला. लागला नाही. त्या पट्ट्यात रेंज जाते-येते. आणि फोन लागला नाही तेव्हा, देवाशप्पथ सांगतो, मला बरं वाटलं. लागला असता तर त्या 'नाही' म्हणाल्या असत्या. कारण मला माहीत होतं. निरोपाखाली वेळ छापली होती, बारा पन्नास. बाई दीडला गडहिंग्लजला पोचणार होती. एसटीत बसलेली बाई गावातल्या मशीनवर दूध ओतेल कशी? आणि सात वर्षं 'तपासलं. ओके.' लिहिणारी बाई आजच 'झालं की' कशाला म्हणेल? हे समजायला बुद्धी लागत नव्हती. फक्त मागे उभ्या असलेल्या माणसाला 'थांबा' म्हणायचं होतं. ते मी म्हटलं नाही. सत्तेचाळिसावं वर्ष, कोल्हापुरात अशी दुसरी नोकरी नाही, घरी आई अंथरुणाला खिळलेली, ही कारणं मी पुढे कितीतरी वेळा स्वतःला सांगितली. त्या क्षणी यातलं काहीच मनात नव्हतं. मनात एवढंच होतं की एक वाक्य दोन तऱ्हेनं वाचता येतंय, आणि त्यातली एक तऱ्हा माझ्या सोयीची आहे.

एक वीसला मी सोडलं. मालकांनी नारळ फोडला. पेढे वाटले.

चूक काय होती तेही सांगतो, म्हणजे ती किती साधी होती ते कळेल. प्रोग्राममध्ये दुधाच्या प्रकारांची एक यादी होती. पहिली म्हैस, दुसरी गाय. आमच्यातल्या एका प्रोग्रामरनं ती नीटनेटकी अकारविल्हे लावली. 'ग' आधी येतो, 'म' नंतर. गाय पहिली झाली. नवी मशीन प्रकाराचं नाव पाठवतात, त्यांना फरक पडला नाही. जुनी मशीन फक्त 'एक' किंवा 'दोन' पाठवतात. त्यांचा 'एक' म्हणजे म्हैस, आमचा 'एक' आता गाय. जुन्या मशीनवर एक किटली ओतली असती तर दिसलं असतं. अक्का तेवढ्यासाठीच निघाल्या होत्या.

त्या गावात पोचल्या तेव्हा वीज नव्हती. मशीनपाशी बसून राहिल्या. आपला निरोप पोचलाय, अण्णा थांबलेत, या भरवशावर निवांत बसून राहिल्या. पाचला वीज आली तेव्हा दारात रांग लागली होती. पहिल्याच बाईची पावती निघाली, ती हातात घेऊन अक्का बाहेर पळाल्या आणि रस्त्यावर रेंज धरून त्यांनी मला फोन केला.

"अण्णा, सोडलं का काय तुम्ही? मी अजून तपासलंच न्हाई की!"

मी फोन कानाला धरूनच मागची आवृत्ती उघडायला घेतली. फोनवर अक्कांच्या मागून एका म्हातारीचा आवाज येत होता, सगळा शब्दन् शब्द ऐकू आला.

"गाय? कुणाची गाय? माझी म्हस काळीकुट्ट हाय, शिंगं कानाच्या मागं गेल्यात. ये बघायला! का मुंबईला बसून तुला गाय दिसाय लागली?"

"मुंबईला नव्हं आज्जी, कोल्हापूरला," कुणीतरी म्हणालं.

"मग तर लाजच सोडली की!"

त्यानंतर अर्धा तास ऑफिसचे सगळे फोन वाजत होते. एका गावच्या संस्थेचा सेक्रेटरी मला म्हणाला, "पावणं, आमच्या गावातल्या समद्या म्हशी पांढऱ्या झाल्यात, आता रंग कोण देणार, तुम्ही का संघ?" मी मागची आवृत्ती हाताशी ठेवली होती, यादीतली नववी ओळ. ती परत लावायला पन्नास मिनिटं लागली. आवृत्ती मागे घ्यायला पन्नास मिनिटं. एक वाक्य मागे घ्यायला मला पुढं आठ महिने लागले.

सोमवारी बैठक झाली. संघाच्या चेअरमनना नाव पाहिजे होतं. 'चूक झाली' यावर त्यांचं भागत नव्हतं, 'कुणाची' हे पाहिजे होतं. मालकांनी नऊजणांकडे बघून विचारलं, "सोडा म्हणून कुणी सांगितलं?"

मी खिशातून फोन काढला आणि तो निरोप मोठ्यानं वाचला.

"जुन्या मशीनवर तपासून झालं की. सोडा."

माझा गुन्हा तो हाच. सोडणं नव्हे, ते घाईत, दडपणात झालं म्हणता येईल. पण त्या खोलीत कुणी माझ्या मागे उभं नव्हतं. मी शांत बसून, अक्कांच्या वाक्यात नसलेला पूर्णविराम माझ्या आवाजानं घातला. 'की' वर जोर दिला, थांबलो, मग 'सोडा' म्हणालो. लिहिलेल्यातलं एक अक्षर बदललं नाही.

अक्का म्हणाल्या, "तसं न्हाई लिहिलेलं मी. झालं की सोडा. झाल्यावर."

"मग 'झाल्यावर' लिवायचं की अक्का!" मालक म्हणाले, आणि सगळे हसले. तो 'की' नेमका त्यांच्या तोंडून आला म्हणून अजूनच हसले. त्या हशानं अक्कांचा निकाल लागला.

"वेळ बघा," अक्का म्हणाल्या. "निरोपाची वेळ बघा, मी एसटीत होते."

मी फोन खिशात घातला होता. त्यांनी स्वतःचा काढायला पिशवीत हात घातला, तर मालक म्हणाले, "आता मोबाईल काढून भांडत बसू नका अक्का, झालं ते झालं." नऊ माणसं होती. सगळ्यांच्या फोनमध्ये तो ग्रुप होता. कुणी वेळ बघितली नाही. बघायची नव्हती. दिवसभर सेकंदाचा हिशेब ठेवणारी, कुठला बदल कुणी कधी केला ते शोधून काढणारी ही माणसं. याचा मला आजही संताप येतो, आणि संतापायचा मला काय अधिकार, असंही लगेच वाटतं.

अक्का माझ्याकडे वळल्या. "अण्णा, तुम्ही सांगा. तुम्ही कसं वाचलं होतं?"

मी म्हणालो, "लिहिलं होतं तसं वाचलं."

त्यांनी पिशवीतला हात काढून घेतला.

अक्कांना मेमो मिळाला. 'संदिग्ध संदेशामुळे झालेल्या नुकसानीस जबाबदार' असा. त्यांचं तपासणीचं काम काढून घेतलं आणि त्यांना फोनवर बसवलं. म्हणजे ज्या केंद्रांना आम्ही तोंडघशी पाडलं, त्यांच्याच शिव्या ऐकायला. काय उत्तर द्यायचं तेही छापून टेबलावर चिकटवलं: 'तपासणीतील चुकीबद्दल दिलगीर आहोत.' आठ महिने ती बाई, जिनं एकटीनं तपासायचा आग्रह धरला होता, ती दिवसाला दहा-वीसदा तपासणीतील चुकीबद्दल दिलगिरी व्यक्त करत होती. त्यांचं टेबल माझ्यापासून सहा पावलांवर.

आणि मालकांनी नियम काढला: ग्रुपवर 'की' लिहायचा नाही. 'झाले आहे' किंवा 'झाल्यावर' असं स्पष्ट लिहायचं. कागद मीच छापला आणि माझ्याच अकरा ओळींच्या यादीखाली मीच चिकटवला. पोरांना चेष्टेला विषय मिळाला. "चहा पिऊया... झाल्यावर." "जेवलास काय?" "जेवलो आहे!" खिदळणं चालायचं. एका कंपनीनं स्वतःची लाज झाकायला मराठीतल्या एका अक्षरावर बंदी घातली, आणि ते अक्षर तर काहीच बोललं नव्हतं. मालक हा किस्सा कार्यक्रमांत सांगू लागले. तिथून तो पसरला, कागलला पोचला, आणि लग्नाच्या पंगतीत माझ्या ताटापर्यंत आला.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, मी मालकांच्या केबिनमध्ये गेलो आणि उभ्या उभ्याच सांगितलं. बारा पन्नास, एसटी, मला माहीत होतं, बैठकीत मी मुद्दाम तसं वाचलं.

मालकांनी चहाचा घोट घेतला.

"म्हाईत होतं की मला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मी तुमच्या मागंच हुबा होतो की. त्या एसटीत हायत हे मला कळत नव्हतं व्हय? पण नाव द्यायचं तर कुणाचं? तुमचं दिलं असतं तर सोडणार कोण? त्यांच्याजागी दुसरं माणूस बसवता येतंय. आता आठ महिन्यांनी कशाला उकरताय? मेमो फाईलला लागलाय, संघ गप हाय. जावा, कामाला लागा."

मी बाहेर आलो. आठ महिने माझी समजूत होती की मी एका माणसाला फसवलंय, आणि ते पाप माझं एकट्याचं आहे. तर त्याला भागीदार होता, आणि त्यानं माझी भीती बघून तिचा हिशोबानं उपयोग केला होता. राग मला आधीही होता. पण तोवर तो आतल्या आत, माझ्यावर. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा तोंड फुटलं.

दुपारी अक्का डबा उघडून बसल्या होत्या. मी समोर स्टूल ओढलं आणि त्यांनाही सगळं सांगितलं. मालक काय म्हणाले तेही. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला, खाल्ला. मग म्हणाल्या,

"मला कशाला सांगताय अण्णा? मला म्हाईत नव्हतं व्हय?"

"मी माफी..."

"माफी रोज मागते मी, टेबलाला चिकटवलीय बघा. तुम्ही ती परत मला देऊ नका." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "जिथं बोललासा तिथं जाऊन बोला. आणि नुसतं बोलू पण नका. बोलताना आवाज कसाबी वळवता येतोय, ते तुम्हीच समद्यांना दाखवलंय. लिहा."

कुठं लिहू, हा प्रश्न मला फार वेळ पडला नाही. प्रत्येक आवृत्तीबरोबर एक टीप जाते. केंद्रावर प्रोग्राम उघडला की पहिल्यांदा ती दिसते: या आवृत्तीत काय बदललं. ती मी लिहितो. कुणी तपासत नाही, कारण कुणी वाचत नाही असं सगळ्यांना वाटतं. पण सेक्रेटरी वाचतात. रोज सकाळी मशीन तापेपर्यंत त्यांना दुसरं काम नसतं.

जूनमध्ये नवी आवृत्ती निघायची होती. टिपेत चार नेहमीच्या ओळी लिहिल्या. पाचवी लिहायला एक अख्खा दिवस गेला. मग ती अक्कांना खाजगी निरोपात पाठवली: "तपासाल का?"

मी लिहिलं होतं: 'मागील वर्षी म्हशीचे दूध गाईचे दाखवले गेले, ती आवृत्ती तपासणी होण्याआधी आमच्याकडून सोडली गेली होती.'

सहा पावलांवरून त्यांनी माझ्याकडे मान वर करूनही बघितलं नाही. उत्तर आलं:

"आमच्याकडून म्हणजे कोण? सोडली गेली म्हणजे आपोआप गेली का?"

आधी चिडलो. मग पुन्हा वाचलं. खरंच, आठ महिने झाले तरी माझा हात तेच करत होता. वाक्य असं वळवायचं की त्यात माणूस सापडू नये. पुन्हा लिहिलं:

'मागील वर्षी म्हशीचे दूध गाईचे दाखवले गेले. ती आवृत्ती तपासणी होण्याआधी मी सोडली. तपासणाऱ्या बाईंनी तपासून झाल्यावर सोडा असे लिहिले होते. ते मला कळले होते. त्यांची चूक नव्हती. - आवृत्ती सोडणारा.'

पाच-सहा मिनिटं गेली. लेथचा आवाज येत होता. मग फोन हलला.

"तपासलं. ओके."

दुपारी बाराला मी सोडलं. पंचांग बघितलं नाही.

दुसऱ्या सकाळी सहापासून फोन सुरू झाले होते. मी नऊला पोचलो तर मालक माझ्या टेबलापाशी उभे. चेहरा लाल.

"हे काय लिवलंय? समद्या केंद्रांवर गेलंय ते! आत्ताच्या आत्ता काढा."

"काढतो की," मी म्हणालो. "मेमो फाईलमधनं काढला की काढतो."

ते थबकले. भिंतीवरच्या 'की'बंदीच्या कागदाकडे त्यांची नजर गेली का, मला माहीत नाही.

"काढला की म्हणजे? काढला म्हणताय का काढल्यावर म्हणताय?"

"काढल्यावर."

ते केबिनमध्ये गेले. हे लिहितोय तोवर मेमो फाईलमध्ये आहे आणि ती ओळ पडद्यावर आहे. रोज सकाळ-संध्याकाळ पहिली किटली काट्यावर चढण्याआधी ती दिसते. पुढची आवृत्ती सोडेपर्यंत दिसत राहील, आणि सोडणारा अजून मी आहे. मला काढतील कदाचित. माझ्याजागीही दुसरं माणूस बसवता येईल, आता मला ते पक्कं कळलंय. पण ती ओळ काढायची तर आधी त्याला ती वाचावी लागेल.

त्या सकाळी मालक आत गेल्यावर अक्कांच्या टेबलावरचा फोन वाजला. त्यांनी उचलला. बराच वेळ ऐकत होत्या. टेबलावर चिकटवलेल्या छापील माफीचा एक कोपरा त्या नखानं खरवडत होत्या.

"व्हय," त्या म्हणाल्या. "बघितलीय ती ओळ. मीच तपासलीय की."